पाणी काचेसारखं स्वच्छ, तरी मासे का मरतायत?

घरचा टँक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. आम्ही देवगडजवळच्या गावात राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत मुलासाठी दीड फुटी टँक आणला, त्यात ४ गोल्डफिश, २ एंजल, ५ टेट्रा आणि काच साफ ठेवतो म्हणून १ सकर. पहिला आठवडा सगळे मस्त होते. मग दर दोन-तीन दिवसांनी एक मासा मरायला लागला, असे ५ गेले. दुकानदाराने निळं औषध दिलं आणि सांगितलं की मासा मेला की पूर्ण पाणी बदला. त्यामुळे दर वेळी आम्ही सगळं पाणी काढतो, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतो आणि विहिरीचं ताजं पाणी भरतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री असंच पाणी बदललं आणि सकाळी बघतो तर ४ मासे एकदम मेलेले. आता २ गोल्डफिश आणि सकर एवढेच उरलेत, तेही सकाळी वर येऊन तोंड उघडझाप करतात. मुलाने कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्या आत टाकल्यात. जेवण दिवसातून तीनदा. पाणी अगदी स्वच्छ आहे, सासरे तर म्हणतात, "ह्या पाणी आमी पितव, मग माशांका काय होतला?" मुलगा रोज शाळेतून आल्यावर आधी टँक बघतो, मग दप्तर ठेवतो. कुठला रोग आहे आणि कुठलं औषध घालू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ती निळी बाटली कपाटात ठेवून द्या. तुमच्या पत्रात रोगाची एकही खूण नाहीये. अंगावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी, झिजलेले पर, फुगलेलं पोट आणि उभे राहिलेले खवले, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तीन वेगवेगळ्या जातींचे मासे एका महिन्यात पाठोपाठ मरतात तेव्हा संशय आधी पाण्यावर घ्यायचा. छोट्या टँकमधले बहुतेक मासे पाण्यानेच मरतात. रोग येतो तो बऱ्याचदा नंतर, पाण्याने आधीच अर्धमेल्या केलेल्या माशावर. आणि ते निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू, बुरशीवर त्याचा उपयोग होतो पण फिल्टरमधल्या चांगल्या बॅक्टेरियांनाही ते मारतं, म्हणजे तुमच्या केसमध्ये नुकसानच.

आता मी पहिला प्रश्न हा विचारते की मासे किती वेळात मेले. कारण हळूहळू एकेक जात असेल तर टँकमध्ये काहीतरी साठतंय, आणि काही तासांत अनेक गेले तर बाहेरून काहीतरी आत आलंय किंवा हवा संपलीय. तुमच्याकडे ही दोन्ही प्रकरणं झालीयत, ५ मासे एका कारणाने गेलेत आणि ४ दुसऱ्या, म्हणून ती वेगळी करून बघू.

पहिले ५ गेले ते अमोनियाने, याबद्दल मला फारशी शंका नाही. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो, त्यात विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजून आणखी भर पडते. तो दिसत नाही, पाणी काचेसारखं असलं तरी त्यात मासा मारण्याइतका अमोनिया असू शकतो. नदी-तलावात तो खाणारे बॅक्टेरिया असतात, एक प्रकार अमोनियाचं नायट्राइट करतो (तेही माशांना विषारीच), दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो आणि नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी. हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात हो, ते राहतात फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून, आणि नवीन टँकमध्ये त्यांची वसाहत तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून पहिला आठवडा मस्त जातो कारण अमोनिया अजून साठतोय, दुसऱ्या आठवड्यापासून मासे जायला लागतात, आणि तुम्ही लिहिलंय ते अगदी असंच झालंय. त्यात दर वेळी तुम्ही स्पंज आणि खडी घासून धुतलीत म्हणजे जेवढे बॅक्टेरिया जमले होते तेवढे धुवून टाकले, त्यामुळे टँक येऊन इतके आठवडे झाले तरी बॅक्टेरियांच्या हिशोबाने तो अजून पहिल्याच दिवसावर आहे. तुम्ही सगळं मनापासून, मेहनत घेऊन केलंत आणि सांगितलं होतं तसंच केलंत, सल्लाच चुकीचा होता.

त्यात माशांची गर्दी. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक धरला तर ४२ लिटर होतात, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली की खरं पाणी ३५ लिटरच्या आसपास. एवढ्यात ४ गोल्डफिश म्हणजे खूपच झाले, गोल्डफिश भरपूर खातो आणि भरपूर घाण करतो, नीट वाढला तर वीतभर होतो, आणि त्याला एंजल-टेट्रापेक्षा थंड पाणी लागतं. सकर तर एक फुटाच्या वर जातो. दुकानात सगळे बोटाएवढे दिसतात त्यामुळे हे कोणाच्या लक्षात येत नाही आणि दुकानदारही सांगत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं कारण त्याची किंमत मासे आणि लहान मुलं मोजतात.

शिंपल्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला पाहिजे कारण इथे आपल्या कोकणचा संबंध येतो. आपल्या विहिरी जांभ्यात खोदलेल्या, त्यामुळे पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी, पीएच सहा-साडेसहाच्या आसपास सुद्धा सापडतो. अशा पाण्यात दोन गोष्टी होतात. एक, अमोनियाचा बराचसा भाग कमी विषारी रूपात राहतो, हे बरं. दोन, पीएच सहाच्या जवळ आला की ते बॅक्टेरिया नीट वाढतच नाहीत, हे वाईट, म्हणजे अमोनिया साठत राहतो पण मासे कसेबसे तग धरतात. आता अशा पाण्यात शिंपल्या टाकल्या की त्यातला चुना हळूहळू विरघळतो आणि पीएच वर चढायला लागतो. आपल्याकडच्या तापमानाला पीएच ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो, ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या घरात जातो, म्हणजे अमोनिया तेवढाच राहून विष जवळपास दहापट! शिंपल्या वाईट नाहीत, उलट जांभ्याच्या पाण्याला त्यांची गरजच असते, पण अमोनिया शून्यावर आल्यावर. आत्ता त्या काढा आणि मुलाला सांगा की फेकायच्या नाहीत, दोन महिन्यांनी त्याच्याच शिंपल्यांमधल्या चार-पाच परत घालायच्यात.

आता ते ४ मासे. पाणी रात्री बदललं आणि सकाळी गेले, म्हणजे जे आलं ते त्या पाण्यातूनच आलं. महिना जून. पाऊस सुरू झाला की ग्रामपंचायत विहिरींत टीसीएल पावडर टाकते, टाकलीच पाहिजे, नाहीतर गावात जुलाब-कावीळ पसरेल. पण टीसीएल म्हणजे क्लोरीन, आणि आपल्या पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणं चांगलं मानतात, तेवढाच माशाचे नाजूक कल्ले जाळायला पुरतो. म्हणून सासऱ्यांना माझ्याकडून नमस्कार सांगा आणि हेही सांगा की तुमचं पाणी माणसांसाठी उत्तमच आहे, पण आपण ते पोटात घेतो आणि मासा त्यातच श्वास घेतो. पंचायतीत विचारून बघा, त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी पावडर टाकली होती का. तुमच्या गावच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं किट असतं, थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. टाकली नव्हती असं कळलं तर दुसरा प्रश्न, त्या रात्री लाईट गेली होती का? कारण पावसाच्या सुरुवातीला आपल्याकडे झाड पडून रात्र-रात्र लाईट नसते आणि एवढ्या गर्दीच्या टँकमध्ये एअर पंप बंद म्हणजे पहाटेपर्यंत ऑक्सिजन संपतो. मला स्वतःला क्लोरीन वाटतोय, पण हे दोन्ही विचारून घ्या.

उरलेले तिघे आहेत ते टणक जातीचे म्हणून आहेत. सकाळी वर येऊन तोंड मारतात म्हणजे कल्ल्यांना इजा झालीय किंवा नायट्राइट चढलंय. दुर्दैवाने यातला एखादा गेलाच तर लगेच, तासाभराच्या आत, कल्ला उचलून बघा, कोकणातल्या माणसाला कल्ला बघायला शिकवायला नको. लालभडक असेल तर ठीक, तपकिरी चॉकलेटी असेल तर नायट्राइट, फिकट आणि बुळबुळीत असेल तर क्लोरीन किंवा अमोनियाने भाजलेला. उशीर केलात तर रंग तसाही उतरतो आणि काही कळत नाही.

आजपासून हे करा. दोन दिवस जेवण पूर्ण बंद, मासे उपाशी मरत नाहीत, गोल्डफिश आठवडाभर सुद्धा सहज काढतो. रोज पाव टँक पाणी, म्हणजे साधारण अर्धी बादली, काढायचं आणि तेवढंच तयार पाणी घालायचं, तयार म्हणजे आदल्या दिवशी उघड्या बादलीत काढून ठेवलेलं, त्यात एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड) सोडलात तर उत्तम, पावसाळी हवेत ऊन नसतं म्हणून शक्यतो दोन दिवस ठेवा, आणि टीसीएल नुकतीच पडलेली असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेत त्या प्रमाणात घालाच. बादली अशी घ्या जिला कधी साबण, फिनेल लागलेलं नाही. स्पंजला हात लावू नका. फारच तुंबला तर टँकमधून काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळा, बस. एअर पंप चोवीस तास चालू. नायट्राइटसाठी लिटरला १ ग्रॅम या हिशोबाने तुमच्या टँकला ३५ ग्रॅम साधं खडेमीठ, शिरोड्याच्या मिठागरातलं मिळालं तर तेच, मगभर पाण्यात विरघळवून तीन-चार तासांत थोडंथोडं ओता, मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ वाफ होऊन जात नाही हे लक्षात ठेवा, पुढे पाणी बदलाल तेव्हा जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच घालायचं.

ओळखीत कोणाचा जुना, वर्षभर नीट चाललेला टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओलाच आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, ते विरजणासारखं काम करतं आणि सहा आठवड्यांचं काम बरंच लवकर होतं. फक्त त्यांच्या माशांना काही रोग नाही ना हे विचारून घ्या.

आणि औषधांवर पैसे घालण्यापेक्षा थेंबांचं टेस्ट किट घ्या, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच एवढ्या चार गोष्टी. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा कमी, ४०च्या वर जाऊ द्यायचं नाही. हे आकडे सलग दोन आठवडे असे दिसेपर्यंत नवीन मासा आणायचा नाही, मुलाने कितीही हट्ट केला तरी. उलट त्यालाच टेस्ट करायला द्या, नळीत रंग बदलताना बघायला मुलांना फार आवडतं आणि आपले मासे का गेले हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळेल, ते कळणं त्याचा हक्क आहे. पुढे सकर आणि गोल्डफिश मोठा टँक असलेल्या कोणाला तरी द्या, विहिरीत, वहाळात किंवा नदीत मात्र अजिबात सोडू नका, सकर आपल्या नद्यांमधल्या देशी माशांच्या मुळावर येतोय. ३५ लिटरला सात-आठ गप्पी किंवा टेट्रांचा एकच छोटा कळप पुरे, मऊ पाणी टेट्रांना तर आवडतंच. एवढं करूनही गेले तर रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे शिकवणारी माणसं या विषयातली आहेत, जाणं झालं तर विचारा, आणि जाताना बाटलीत टँकचं आणि विहिरीचं असं दोन्ही पाणी घेऊन जा.

प्रश्न : गुहागरहून लिहितोय. दोन वर्षं जुना टँक, कधी त्रास नाही. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मॉली आणि प्लॅटी मेलेल्या. पाणी बदललेलं नव्हतं, औषध नाही, नवीन मासा नाही. घरात पंचवीस माणसं. काय झालं असेल?

उत्तर : दादा, दोन वर्षं चाललेला टँक एका रात्रीत जातो तेव्हा घरात त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काय झालं ते आठवायचं. गणपतीत वेगळं काय काय होतं बघा. मखराच्या माळेसाठी बोर्डवर जागा हवी म्हणून कोणीतरी टँकची पिन काढून ठेवलेली असते आणि गडबडीत परत लावलेली नसते. प्रत्येक पोर येताजाता चिमूटभर दाणे टाकतं. आणि रात्री हॉलमध्ये माणसं झोपणार म्हणून दोन-दोन डासांची मशीन लावतात किंवा आधी झुरळांसाठी स्प्रे मारून घेतात. यातली पहिली दोन एकत्र आली की जास्तीचं अन्न कुजताना ऑक्सिजन खातं आणि हवा बंद, तिसरं एकटंच पुरतं. डासांच्या लिक्विडमध्ये आणि झुरळांच्या स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात, माणसाला त्यामानाने सौम्य पण माशांना अत्यंत विषारी, आणि एअर पंप खोलीतली तीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो. तिसऱ्या शक्यतेची खूण ही की मासे मरायच्या आधी झटके देतात, गिरक्या घेतात, रात्री कोणी पाहिलं होतं का विचारा.

पिन निघालेली सापडली तर फिल्टर तसाच चालू करू नका. आत अडकलेलं पाणी कुजलेलं असतं, ते टाकून द्या, स्पंज टँकच्या काढलेल्या पाण्यात पिळा आणि मग लावा. पुढच्या वर्षी त्या पिनेवर चिकटपट्टी लावून "काढू नये" लिहून ठेवा, जेवणाचा डबा कपाटात ठेवा, आणि मशीन टँकच्या खोलीत नको. पॉवर बँकवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, कोकणात टँक ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो घ्यावाच असं माझं ठाम मत आहे. तो नसेल आणि लाईट गेली तर पेल्याने टँकचंच पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओतत राहायचं, दर थोड्या वेळाने पाच-दहा मिनिटं, बरेच मासे वाचतात.

प्रश्न : श्रीवर्धनला आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या आहेत. पावसाचं पाणी सगळ्यात शुद्ध म्हणून पन्हळीचं पाणी पिंपात साठवून टँकला वापरलं. आठ दिवसांत शोभेची छोटी कोळंबी सगळी मेली, गोगलगायीही मेल्या, पण गप्पी ठीक आहेत. असं कसं?

उत्तर : तुम्ही नेमकं लिहिलंत म्हणून उत्तर सोपं झालं. कोळंबी आणि गोगलगायी मरतात पण मासे जगतात, हे दिसलं की पहिला संशय तांब्यावर. पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, १ टक्क्याचं म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. उंच झाडावर फवारा मारला की वाऱ्याने तो तुमच्या कौलांवर येतो, पुढच्या सरीला पन्हळीतून पिंपात. बागायतदाराची चूक नाही, फवारलं नाही तर सुपारी गळून जाते. पण कोळंबीला तांबं अगदी थोडंही सोसत नाही, त्यात पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात आणि अशा मऊ पाण्यात तांब्याचा त्रास जास्त होतो. घरात तांब्याच्या हंड्यातलं किंवा बंबातलं पाणी टँकमध्ये कधी घालत असाल तर तेही बंद करा, कारण तेच.

पिंपातलं पाणी झाडांना घाला. टँकचं पाणी तीन-चार दिवसांच्या अंतराने पाव-पाव असं विहिरीच्या, क्लोरीन गेलेल्या पाण्याने बदलत जा, एकदम सगळं बदलू नका, गप्पींना तो धक्का बसेल. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा, ती थोडंफार तांबं धरते, महिन्याने टाकून नवीन घाला. गप्पींना मुळात थोडं जड पाणीच मानवतं, त्यामुळे मूठभर शिंपल्या तुम्ही आजच घातल्या तरी चालेल, फक्त टँक जुना हवा आणि अमोनिया शून्य हवा. मग तांब्याचं टेस्ट किट मिळालं तर बघा, नाहीतर आधी दोन साध्या गोगलगायी सोडा आणि त्या महिनाभर नीट फिरत राहिल्या तरच नवीन कोळंबी आणा.